नाल्यापलीकडची रांग

आम्ही गाव सोडलं तेव्हा बा उंबऱ्यात बसून होता. विहिरीत गाळ, बांधावर काडी न्हाई. मी, बायको आणि आमचा देवणी बैल, लातूरच्या चारा छावणीकडं निघालो. बा इतकंच म्हणाला, "पाऊस झाला की बैल घेऊन ये." उदगीरकडच्या आमच्या गावात जे मागं राहिले आणि जे माझ्यासंगं चालत आले, त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. शाळा नावाला शिकलो. अक्षर वाकडं असंल, गोष्ट खरी हाय.

लातूर तवा नवाच जिल्हा. हापिसं नवी, साहेबलोक नवे, आणि छावणीवरचा जनावरांचा डॉक्टर त्याहून नवा, नांदेडकडचा पोरगेला माणूस. छावणीत लाळ-खुरकताची साथ शिरली. आजारी जनावरं नाल्यापलीकडं बांधा, असा त्यानं हुकूम काढला. हुकूम बरोबरच होता. पण त्यानं शिपायांना दावी सोडायला लावली. आमच्याकडं दावणीचं जनावर मालकाच्याच हातानं सुटतं. दुसऱ्यानं दावं सोडायचं ते जनावर मेल्यावर. बायामाणसं काठ्या घेऊन उठली. आमच्या गावचा सदू ओरडला, "ओ डाक्टर, मयताची तयारी घेऊनच आलाव का?"

डॉक्टर लालेलाल झाला, पोलीस आणतो म्हणाला. कुणी हललं न्हाई.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला आणि माझ्याजवळ मातीत बसला. "मामा, माझं चुकलं. पण रोग पसरला तर सगळी छावणी जाईल. लोक तुमचं ऐकतात. काय करू, सांगा."

"पुस्तकात न्हाई का लिहिलेलं?"

"रोगाचं लिहिलंय. माणसांचं न्हाई."

मला हसू आलं. पण सकाळपासून माझ्याच बैलाची लाळ गळून राहिली होती. ती झाकून दुसऱ्याला काय सांगू? उठलो, माझ्या हातानं दावं सोडलं आणि बैल नाल्यापलीकडं नेला. मागून सदू आला, मला शिव्या देतच. मग रांगच लागली. त्या दिवसापासून डॉक्टरनं गावागावचा एक जाणता माणूस धरला. सकाळी आधी त्यांच्यात बसायचा, मग सुई काढायचा.

छावणी वाचली. माझा बैल आधीच दुष्काळानं खंगलेला, तो गेला.

पाऊस झाला. गावची माणसं जनावरं हाकत परत निघाली. सदू म्हणाला, "चल की लेका, माझ्या बैलांवर तुझंबी पेरू." मी म्हणालो, "उपकाराची पेरणी मला नको." बांधून ठेवलेलं गाठोडं बायकोनं परत सोडलं. मी लातूरच्याच आडतीवर हमाली धरली. बा गेला तवा गावी गेलो, माती देऊन लगेच परतलो. शेत मागं राहिलेला भाऊच करतो.

तो डॉक्टर लई मोठा साहेब होऊन रिटायर झाला. मधी भेटला तर म्हणाला, "मामा, माणसं सांभाळायला मी तुमच्यापाशी शिकलो." बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? घरी येताना मात्र एकच डोक्यात घोळत होतं. अख्ख्या छावणीला मी माझ्यामागं उठवलं, आणि स्वतःला गावाकडं उठवता आलं न्हाई.

परवा नातीनं विचारलं, "आजोबा, आपलं गाव कुठलं?"

"लातूर," मी म्हणालो.

बायको ज्वारी निवडून राहिली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडं बघितलंबी न्हाई. नातीला जवळ ओढून तिनं गावाचं नाव सांगितलं, मग विहीर, बांध, भावकी, एकेक सांगत बसली. मी भिंतीकडं तोंड करून पडलो. पण तिनं मधीच थांबू नये, असं वाटून राहिलं.