मालनताई शेवटचा शब्द सोडायच्या

मालनताई गाणी शिकवायच्या म्हणजे हाणामारीच! मार्केट यार्डामागच्या आमच्या बालवाडीत समोर हमालांची पोरं, पुढ्यात उलटा डबा आणि ताईंच्या हातात लाटणं.

"भोपळा धरला, काठीनं चोपला,
रडून रडून टोपलीत..."

इथे त्या गप्प. शेवटचा शब्द कधी स्वतः म्हणायच्या नाहीत. "झोपला!" पोरं छप्पर उडवायची. मग चोपला, झोपला, कोपला, असे जुळणारे शब्द संपेस्तोवर डबा बडवणं चालू. मी मदतनीस, डोकं धरून खिचडी ढवळायची.

एखादा बाप यायचा. "गाण्यात एवढी मारझोड कशाला? एबीसीडी कधी शिकवणार?"

"आधी कान, मग डोळे," ताई म्हणायच्या. "कानाला शब्दांची सोयरीक कळली की पाटीवरचं अक्षर आपणहून ओळख देतं. आणि मारझोड तुमच्या घरी नसतेच वाटतं?"

बाप काढता पाय घ्यायचा. ताईंची जीभ कसली, विळी होती! पण त्यांची पोरं पहिलीत गेली की धडाधड वाचायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

चिमी तेवढी बोलत नव्हती. चार वर्षांची पोर, वर्षभर ना घरी शब्द, ना इथे. "हिला शाळेत कोण घेणार?" मी म्हणायची. "ती ऐकतेय," ताई म्हणायच्या, आणि रोज तिच्याकडे बघूनच शेवटचा शब्द सोडायच्या.

एका सकाळी नवं गाणं होतं.

"मनी आली, कडी वाजली,
दूध सांडलं, मनी..."

"लाजली!" सगळी ओरडली. गलका थांबल्यावर चिमी म्हणाली, "भाजली."

लाटणं थांबलं. "कोण गं भाजली?"

"आई. बाबानं चहा ओतला."

पोरांना शेजारणीकडे सोपवून आम्ही चिमीला घेऊन तिच्या घरी गेलो. तिची आई, सुनंदा, कोपऱ्यात हात पदरात गुंडाळून बसलेली. ताईंनी तिला पोलीस चौकीत न्यायला उठवलं, तसा नवरा पोती ओढायचा लोखंडी हूक घेऊन धावला. "माझ्या बायकोला कुठं नेती गं म्हातारे?" हूक ताईंच्या खांद्यात घुसला. रक्ताची धार लागली. मी दारातला पाण्याचा हंडा मेल्याच्या तोंडावर हाणला. तो आडवा झाला. मला अजून वाईट वाटत नाही.

चौकीत मात्र सुनंदा म्हणाली, "चहा माझ्याच हातून सांडला, साहेब. ताईंनाही चुकून लागलं." हवालदारानं पेन खाली ठेवलं. अस्सा संताप आला मला! थोबाडावी वाटली.

ताई रक्तानं भिजल्या होत्या, पण आवाज चढला नाही. "सुनंदा, तुझी चिमी आज बोलली."

"काय?"

"गाण्यात शब्द भरला तिनं. तू भाजलीस, बाबानं चहा ओतला, असं म्हणाली."

सुनंदा चिमीकडे वळली. "बोलली? माझी चिमी?"

मग तिनं हातावरचा पदर सोडवायला घेतला. तो कातडीला चिकटला होता. दात आवळून तिनं ओढला. कातडी सोबत आली. कोपरापर्यंत लाल मांस उघडं पडलं.

"घ्या लिहून, साहेब," ती म्हणाली. "पोरगी खरं बोलतीय."