चेंडू गायब व्हायची जागा

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं मैदानावर जाणं थांबलं. तरुणपणी ते शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते आणि खेळणं सुटल्यावरही मॅच बघायला जायचे. घरात बसून त्यांची चिडचिड वाढली. मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते, त्यासाठी घेतलेला कॉम्प्युटर घरात होता. त्यावर मी त्यांना फुटबॉलचा एक गेम टाकून दिला. सुरुवातीला त्यांनी कंट्रोलरला भरपूर शिव्या घातल्या. नंतर तो त्यांच्या हातातून सुटेना.

जोडीला दुपारचे एक काका येऊ लागले. ते शिंपी, मुसलमान, पलीकडच्या पेठेतल्या संघाचे जुने फॉरवर्ड. मैदानात दोघांनी एकमेकांची कॉलर धरल्याचं मी लहानपणापासून ऐकत आले होते. आता ते शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसायचे आणि चहा गार करायचे.

खेळात चित्र मात्र अडखळायचं. चेंडू सुटला की मध्येच नाहीसा व्हायचा आणि पुढं कुठंतरी उगवायचा.

"ह्यो गायब हुतोय बघ," काका म्हणायचे.

"मलाबी दिसंना," आबा म्हणायचे. हरत असले की जरा जोरातच.

एका रविवारी मी सेटिंग्ज उघडल्या. माझं ग्राफिक्स कार्ड जुनं, आणि गेमनं सगळं वरच्या दर्जावर लावलेलं. मी सावल्या कमी केल्या. प्रेक्षकांचे तपशील उतरवले. पळताना चित्र पुसट दिसावं म्हणून गेम एक धूसरपणा घालतो, तो बंद केला. रिझोल्यूशनला हात लावला नाही, कारण ते उतरवलं की सगळंच अस्पष्ट दिसतं. शेवटी दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम कार्डाला झेपतील तेवढ्यावर बांधून टाकल्या. प्रेक्षक पुठ्ठ्याचे दिसू लागले, पण चेंडू पायातून निघाला की जाळीपर्यंत सलग जायचा.

"आता कसं!" आबा खूश झाले.

काका पडद्याकडं झुकून बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "अजून हुतंय की गं. त्या वरच्या कोपऱ्यात."

मला वाटलं, काहीतरी राहिलं. मी कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम नवा घातला, केबल बदलली. आबांना काहीच खटकत नव्हतं. काकांना खटकत होतं, आणि दरवेळी डावीकडं वर.

"हरायला लागलास की तुला दिसत न्हाय," आबा म्हणाले.

मी चेंडू त्या कोपऱ्याकडं गेल्यावर गेम थांबवला. चित्र स्थिर होतं. काकांना म्हटलं, "मधल्या वर्तुळाकडंच बघा. चेंडू दिसतोय?"

"न्हाय."

"आता मान वळवा."

"हाय की! हितंच हाय."

मग त्यांना एकेक डोळा झाकायला लावला. उजव्या डोळ्याला तो चेंडू, अंधुक का होईना, दिसत होता. डाव्याला नव्हता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते सगळं काम डाव्यावरच रेटत होते. आबांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी काकांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, पण थेंब नियमित घातले तर आहे ती बहुधा राहील, असं डॉक्टर म्हणाल्या. काकांनी एवढंच विचारलं, "सुईत दोरा ओवता येईल न्हवं?" त्या हो म्हणाल्या. रिक्षात ते बाहेर बघत बसले.

घरी येऊन काकांसमोरच आबांना सांगितलं तेव्हा ते काकांना म्हणाले, "मर्दा, आधी बोलायचं न्हाय व्हय?"

"बोलतच हुतो की."

त्यानंतर त्या आठवड्यात काका आले नाहीत. पुढच्या आठवड्यात आले, खिशात थेंबांची बाटली घेऊन. मी गेमचा कॅमेरा जवळ आणून ठेवला, म्हणजे चेंडू बहुतेक वेळ पडद्याच्या मधोमध राहतो. त्यात मैदान कमी मावत असल्यामुळं आबांना त्यांचे बचावपटू दिसेनासे झाले. त्यावरून ते रोज कुरकुरतात, पण कॅमेरा मागं न्यायला सांगत नाहीत. परवा काकांनी त्यांच्यावर लागोपाठ गोल केले. आबा उठून काठी टेकत स्वयंपाकघरात गेले आणि दोघांसाठी चहा टाकला.