सदूची बोटं आणि सवचं पाणी

सदू गेल्याची तार महाडला माझ्या हातात पडली आणि ती पोलादपूरला नेऊन मावशीला सांगायचं काम माझ्याच वाट्याला आलं. मावशी ओटीवर भात पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. एवढंच म्हणाली, "बोटं तर बरी झाली व्हती रे त्याची..."

सदू माझा मावसभाऊ, मुंबईला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. क्ष-किरणांच्या नळीत तांब्याचा तुकडा बसवलेला असतो. त्याच्यावर विजेचा मारा झाला की किरण निघतात, आणि त्याच माऱ्यानं तांबं वितळतं, खचतं. असे निकामी तुकडे कापायचे, घासून लख्ख करायचे, ॲसिड लावायचं आणि इजा किती खोल गेली ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, हे त्याचं काम. एरवी घुम्या, पण तांब्यावर बोलायला लागला की पानातला भात गार होई. नळी चालवायलाही तोच उभा राही. त्या किरणांनी त्याची बोटं भाजली, चिघळली. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं आत्ताच काढा, नाहीतर जिवावर बेतेल.

मावशी भडकली. आमच्याकडे कातडीचं काही झालं की माणसाला महाडजवळ सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेतात. "देवाचं पानी हाय, आनि तू बोटं कापतोस?" सदू रजा काढून आला. मी सोबतीला होतो. काही दिवसांत जखमांवर दुधावर साय धरावी तशी कातडी धरली. मावशीनं नारळ फोडला. परतताना दासगावच्या बंदरावर बोटीची वाट बघत सदू म्हणाला, "वितळलेलं तांबं थिजलं की वरून गुळगुळीत दिसतं. भेगा खाली असतात."

"मग कापून घे की," मी चिडून म्हणालो.

"आईनं नारळ फोडलाय रे. थोडं थांबू..."

मला त्याचा अजून राग येतो. भेगा शोधण्याचा पगार घेणारा माणूस आईच्या तोंडाकडे बघून गप्प बसला. पुढं रोग हातातून वर चढून काखेत गाठ आली तेव्हा बोटं कापून उपयोग नव्हता. आता भांडायला हक्काचं कुणी नाही, आणि ते फार जाणवतं.

त्याच्या ट्रंकेत तसलाच एक तांब्याचा तुकडा निघाला, मधोमध काळपट खड्डा पडलेला. मावशी रोज सकाळी देवाच्या भांड्यांबरोबर तो चिंचेनं घासते. परवा तिनं तो माझ्यासमोर धरला.

"तू शिकलेला हायस. डाग कमी होतोय, नाय?"

"होतोय मावशी," मी म्हणालो.