स्वतःचं ताट

माझ्या मुलीची सही दर वेळी वेगळी येते. मध्यंतरी बँकेने तिचा चेक परत पाठवला म्हणून आम्ही दोघी तिथे गेलो. काउंटरवरचे गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, सही जुळत नाहीये." मी म्हटलं, "अहो, तिची सही आजवर कधीच जुळलेली नाही. माणूस तोच आहे ना, तेवढं बघा." मुलीने मला कोपराने ढोसलं. मी सरकारी कचेरीत आयुष्य घालवलंय, काउंटरच्या दोन्ही बाजू मला पाठ आहेत, त्यामुळे मी काही गप्प बसले नाही.

ही माझी मुलगी हिंजवडीतल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. अजूनही ती कप अर्धाच भरून घेते, नाडीचे बूट घेत नाही आणि स्कूटरच्या वाटेला जात नाही. कंपनीच्या बसने जाते, बसने येते. आमच्या घरात दृष्ट लागण्यावर कुणाचा विश्वास नाही, त्यामुळे मी तिचं कौतुक मोकळेपणाने करते. आणि ते कंपनीसाठी नाही, एका ताटासाठी करते.

त्यासाठी आधी माझ्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं. आम्ही विश्रांतवाडीला राहायचो, दोन खोल्यांत. सासूबाई तरुणपणी रोज गावातल्या पेठांमध्ये धुणीभांडी करायला जायच्या. मागच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर, आणि चहाचा कप वेगळा ठेवलेला. त्या कामावर त्यांनी मुलाला शिकवलं, तो डिप्लोमा होऊन भोसरीच्या कारखान्यात लागला. मला नोकरी होती म्हणून तर त्यांनी मला सून करून घेतलं. माझी मुलगी जन्मली तेव्हा तिच्या मुठी उघडून बघत त्या म्हणाल्या होत्या, "ह्या हातात पेन येनार. घासनी न्हाई."

त्यांनी हा शब्द अक्षरशः पाळला. नातीने पाण्याचा पेला उचलून ठेवला तरी त्यांना खपायचं नाही. फ्रॉकची बटणं त्या लावायच्या, वेण्या त्या घालायच्या, मोजे त्या चढवायच्या, भाकरीचा घास करून तोही त्या भरवायच्या. आम्हाला त्याचा अभिमानच वाटायचा. आमच्या घरातली पहिली मुलगी होती ती, जिला फक्त अभ्यास करायचा होता.

घोटाळा असा की, ते पेनच तिच्या हातात राहीना. तिसरीपर्यंत तिला सगळे पाढे तोंडपाठ होते, पण तिने वहीत लिहिलेलं एक वाक्य कुणाला धड वाचता येत नव्हतं. सपाट जमिनीवर पडायची. डबा उघडायच्या नादात रोज सांडायची. खेळताना तिला कुणी आपल्या गड्यांत घ्यायचं नाही. तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावून सांगितलं, "हुशार आहे, पण आळशी आणि वेंधळी. तुम्ही दोघं नोकरीला, घरी लक्ष कोण देणार?" माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. मी म्हटलं, "घरी तिची आजी दिवसभर लक्ष देते. शाळेत तुम्ही तासभर द्या." मग घरी येऊन आम्हीही तेच केलं जे आमच्यासारखी शिक्षणाला जीव लावणारी माणसं करतात. तिला आणखी लिहायला बसवलं. शाळेतून आली की कित्ता, जेवण झालं की कित्ता. अक्षर होतं तिथेच राहिलं आणि पोरीची बोटं दुखायला लागली.

तिला स्वतःला मात्र अक्षराचं काही पडलेलं नव्हतं. तिला लेझीम खेळायचं होतं. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीतल्या मुलींचं पथक असतं. सरावाला ती गेली आणि पहिल्याच संध्याकाळी तिच्यामुळे सगळी ओळ विस्कटली. शिकवणारा दादा कॉलेजातला पोरगा, स्वभावाने चांगला. तो मला हळूच म्हणाला, "ताई, तिला आपण पुढे झेंडा घेऊन चालायला देऊ." मुलीने ते ऐकलं. ती म्हणाली, "झेंडा तर खांबालाही बांधतात." वय वर्षं आठ, आणि जीभ आईची. त्या वर्षी ती मिरवणूक बघायलासुद्धा खाली उतरली नाही. दार लावून घरात बसून राहिली, आणि बाहेरून हलगीचा आवाज येत राहिला. मला इतकं वाईट वाटलं की दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं.

त्यांनी तपासून एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंचा पत्ता दिला. ऑक्युपेशनल म्हणजे नोकरीधंद्याचं काहीतरी असेल आणि हे डॉक्टर आत्तापासून पोरीला कामाला लावतायत, असंच मला वाटलं. त्या बाई माझ्याच वयाच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मुलीला मणी ओवायला दिले, एका पायावर उभं केलं, फरशीवरच्या रेघेवरून टाचेला बोटं लावत चालायला सांगितलं, चेंडू टाकून झेलायला लावला. झेलताना तिचे हात चेंडू पडून गेल्यावर मिटायचे.

मग त्या मला म्हणाल्या, "बुद्धी उत्तम आहे. हातापायांत ताकदही आहे. काय करायचंय ते हिला कळतं, पण कोणती हालचाल आधी, कोणती नंतर, किती जोरात, हे आपलं आपोआप जुळतं, तसं हिचं जुळत नाही. जन्मापासूनच असं आहे. हा आळस नाही, आणि तुमची चूकही नाही."

"मोठी झाल्यावर जाईल?"

"पूर्ण नाही जाणार. पण एकेक काम सुटं करून, त्याच कामाचा सराव करून, ते शिकता येतं. नुसते कित्ते गिरवून नाही." मग त्या मुलीकडे वळल्या. "तुला काय यायला हवंय?"

मी मनात म्हटलं, सांग बाई, अक्षर सांग. ती म्हणाली, "लेझीम."

बाईंनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. लेझमीत दोन हात वेगवेगळं काम करतात आणि पाय तिसरं, तेव्हा आधी हातांचं बघू, असं म्हणाल्या. घरी करायला कामं सांगितली: कणीक मळणं, मटार सोलणं, ओलं फडकं पिळणं, एका हाताने भांडं धरून दुसऱ्याने घासणं. आधी बसून, सावकाश, आणि काय करतोय ते तोंडाने म्हणत.

घरी मी हे सांगितलं मात्र, सासूबाई ताडकन उठल्या. "भांडी? माझी नात भांडी न्हाई घासायची. तुझ्या त्या बाईला म्हनावं, हात वाकडे राहू दे तिचे." मी पुष्कळ समजावलं. शेवटी त्या म्हणाल्या, "मीच येते. मलाच बोलायचंय तिच्याशी."

पुढच्या वेळी त्या इस्तरीचं पातळ नेसून आमच्याबरोबर आल्या. बाकड्यावर न बसताच म्हणाल्या, "पोरीला भांडी घासायला लावनार हाय का तुमी?" बाई म्हणाल्या, "तुम्ही नको म्हणालात तर नाही लावणार, आजी. आज फक्त बघा. मग तुम्हीच ठरवा." सासूबाई बाकड्यावर टेकल्या. बाईंनी मुलीसमोर घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा ठेवला, आत शेंगदाणे. "उघड," म्हणाल्या. मुलीने एका हाताने डबा धरला, दुसऱ्याने झाकण, आणि दोन्ही हात एकाच बाजूला वळले. झाकणाबरोबर डबाही फिरला. पुन्हा तेच. मग डबा हातातून सुटला, दाणे फरशीभर झाले. मुलीने वळून अगदी सवयीने म्हटलं, "आज्जी, तू काढून दे ना."

सासूबाई अर्ध्या उठल्या. तशाच खाली बसल्या. नातीकडे बघितलं आणि मग बराच वेळ मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. त्यांनी प्रेमाने जे झाकून ठेवलं होतं, ते त्यांना त्या दिवशी दिसलं. भांडण करायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर म्हणाल्या, "एक अट हाय माझी. स्वतःचं ताट तिनं स्वतः धुवायचं. लोकाचं न्हाई. माझं न्हाई, तुमचं बी न्हाई. घरात ज्याचं त्यानं धुवायचं. आपलं आपन धुन्यात कमीपना नसतो." त्या दिवसापासून आमच्या घरात हाच कायदा झाला. नवऱ्याने जरा कुरकुर केली, पण आईपुढे त्याचं कधीच काही चाललेलं नाही. भोसरीहून दमून आलेला माणूसही मुकाट्याने मोरीत उकिडवा बसायला लागला. आमच्या आळीतली इतर नवरेमंडळी त्याला चिडवायची.

मुलगी ताट घेऊन बसायची आणि मोठ्याने म्हणायची, "डावा धर, उजवा फिर." ताट निसटायचं, ठणठण वाजत भिंतीपर्यंत जायचं. सासूबाई पलीकडे पाठ करून बसायच्या, कारण बघितलं तर उठल्यावाचून राहवणार नाही, असं त्या म्हणायच्या. त्यांच्या त्या पाठीचंही मला कौतुक आहे. सहज सोपं नव्हतं ते. हळूहळू ठणठण कमी झाली. डबा उघडला. मग फ्रॉकचं खालचं बटण लागलं, वरचं बरंच नंतर.

लेझीम गच्चीवर सुरू झालं. आधी नुसते हात, बसून. मग नुसते पाय, लेझमीशिवाय. मग दोन्ही, गोगलगायीच्या गतीने, तोंडाने म्हणत. थेरपिस्ट बाईंनी तिला एक गोष्ट पक्की शिकवली: चुकलीस तर धावून गाठायचं नाही. थांब, ठेका ऐक, आणि पुढच्या फेरीला आत ये. हा सल्ला मी पुढे कचेरीत अनेकांना दिला, कुणी ऐकला नाही.

पुढचा एप्रिल जवळ आला तेव्हा ती एकटीच त्या दादाकडे गेली. मी जाते म्हटलं तर म्हणाली, "तू भांडशील." तिने त्याला सांगितलं, "मला शेवटच्या ओळीत घे. माझ्यामुळे दुसरं कुणी चुकायला लागलं, तर मी आपणहून बाहेर होईन." त्याने घेतलं.

मिरवणूक आळंदी रोडला लागली तेव्हा मी आणि सासूबाई रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, गुलाबी सरबताचे स्टॉल, टेम्पोवरचा कर्णा. शेवटच्या ओळीत ती होती, ओठ सारखे हलत होते. चौकात हलगीवाल्याला जोर चढला आणि त्याने ठेका वाढवला. ओळीतल्या सगळ्यांच्या लेझमी मिटल्या तेव्हा हिची उघडली. पुन्हा तसंच. मला वाटलं, संपलं. आता ही बाहेर पडणार, आणि घरी जाऊन पुन्हा दार लावून घेणार.

ती थांबली. एवढ्या गर्दीत, सगळ्यांसमोर, लेझीम छातीशी धरून ओळीबरोबर नुसती चालत राहिली. मान खाली, ओठ चालू. एक फेरी तशीच जाऊ दिली. आणि मग पुढच्या ठोक्याला तिची लेझीम सगळ्यांबरोबर उघडली.

"आली बग," सासूबाई माझा दंड आवळत ओरडल्या. "आली आत!" मी भर रस्त्यात रडले. पुढे तिने दहावीत नाव काढलं, कॉम्प्युटरच्या क्लासला गेली आणि तिथे अक्षर कुणी बघत नाही हे कळल्यावर तिला रानच मोकळं मिळालं, नोकरी लागली, परदेशी जाऊन आली. त्यातल्या कशालाही माझ्या लेखी त्या चौकाची सर आलेली नाही.

त्या मिरवणुकीच्या रात्री सगळे एकत्र जेवलो. मुलीने आपलं ताट धुतलं, पालथं घातलं, आणि परत येऊन आजीपुढे हात केला. सासूबाईंनी आपलं ताट दोन्ही हातांनी गच्च धरलं. "अट काय हाय आपली? दुसऱ्याचं न्हाई."

"तू दुसरी आहेस का?" मुलगी म्हणाली.

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मग त्यांनी बोटं सैल केली. मुलगी ते ताट घेऊन मोरीपर्यंत गेली, वाटेत ते तिच्या हातातून पडलं नाही, आणि वर्षानुवर्षं लोकांची ताटं धुतलेली ती बाई जागच्या जागी बसून, आपलं ताट दुसरं कुणी धूत असल्याचा आवाज ऐकत राहिली.