कालिंदीताईंनी दिलेली भूल

डॉक्टर कालिंदीताई भूलतज्ज्ञ होत्या आणि रुग्णाला भूल देताना त्या त्याला गोष्ट सांगत. बाकीचे डॉक्टर म्हणे आकडे मोजायला लावतात. या बाई मात्र हाताला सुई लावता लावता कादंबरीतला एखादा प्रसंग सुरू करत, आणि तो ऐन रंगात आला की रुग्ण झोपी जाई. दुसऱ्या दिवशी पोटाला टाके पडलेला माणूस जेवायला कधी मिळणार हे विचारायच्या आधी विचारी, "त्या डॉक्टरबाई कुठे आहेत? पुढे काय झालं?"

हे मी माझ्या पित्ताशयाच्या अनुभवावरून सांगतोय. सदाशिव पेठेतल्या एका लहानशा रुग्णालयात मी टेबलावर पडलो होतो आणि दातांवर दात वाजत होते. हिरव्या टोपीखालून दोन डोळे माझ्यावर वाकले.

"लिमये ना? घाबरलात? घाबरा, हरकत नाही. मी एक गोष्ट सांगते. सावळा नावाचा एक हरकारा होता. पाठीवर टपालाची थैली, डाव्या हातात घुंगरांचा भाला..."

"उजव्या," मी म्हणालो.

"काय?"

"भाला उजव्या हातात. पहिला खंड. नदी उतरतानाच त्याच्या डाव्या..." एवढंच बोलल्याचं मला आठवतं.

शुद्धीवर आलो तेव्हा बाई उशाशी उभ्या होत्या. "भूल चढेपर्यंत चुका काढणारा पेशंट पहिल्यांदाच पाहिला. पुण्याचं नाव राखलंत," असं म्हणून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

ज्यांनी 'तांबडखिंड' वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ही कादंबऱ्यांची बारा खंडांची मालिका. इंग्रजांच्या काळात घाट ओलांडून टपाल पोचवणारा सावळा हा तिचा नायक. त्याची लहानपणी हरवलेली बहीण, लुटली गेलेली थैली, खिंडीतली ओसाड झोपडी, असं सगळं त्यात आहे. बारावा खंड लिहिता लिहिता लेखक गेले. शेवटच्या छापील पानावर सावळा भर पावसात खिंडीत येतो, ओसाड झोपडीत दिवा दिसतो, आणि वाक्य येतं, 'सावळाने दाराला हात लावला.' बस्स. आत कोण आहे यावर आम्ही वाचक आजही भांडतो.

'आम्ही' म्हणजे नारायण पेठेतलं आमचं वाचक मंडळ. एका क्लासच्या खोलीत महिन्यातून एका रविवारी आम्ही जमतो. हे मंडळ मी सुरू केलं. मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो, जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेला. 'तांबडखिंड'मधली प्रत्येक व्यक्ती, प्रत्येक वाट, प्रत्येक तिथी यांची सूची मी तयार केली आणि मंडळाच्या संकेतस्थळावर टाकली. या कादंबरीवर महाराष्ट्रात माझ्याइतका हक्क कुणाचा नाही, असं मी मनातल्या मनात धरून चाललो होतो. अशा अवस्थेत मी कालिंदीताईंना मंडळात बोलावलं.

पहिल्याच रविवारी खुर्च्यांची दिशा बदलली. एरवी सगळ्या फळ्याकडे, म्हणजे माझ्याकडे तोंड करून असत. ताई खिडकीपाशी बसल्या आणि हळूहळू सगळ्या खुर्च्या खिडकीकडे वळल्या. त्या प्रसंग सांगू लागल्या. पूर त्यांनी श्रावणातला भाद्रपदात नेला, पाटलाच्या घोडीचा घोडा केला. मी दुरुस्ती केली की म्हणत, "असेल हो, लिमये. थैली पोचली ना? मग झालं." आणि सगळे हसत. ज्या जोगळेकरबाई माझ्या टिपणाच्या वेळी स्वेटर विणत, त्या सुया मांडीवर ठेवून ऐकत होत्या. मी आणखी एकदा तोंड उघडलं तेव्हा त्याच म्हणाल्या, "लिमये, जरा थांबा हो. ताई सांगताहेत."

मला राग यायला हवा होता. राग आला असता तर बरं झालं असतं, तो उतरतो तरी. मला आला तो मत्सर. कारण त्या सांगत असताना माझ्याही अंगावर काटा यायचा. पुढे काय होणार हे मला पान क्रमांकासह पाठ होतं, तरी मी खुर्चीच्या कडेला सरकून बसायचो. इतकी वर्षं जपलेली माझी वस्तू या बाईंच्या हातात गेली की उजळ दिसते, हे मला सोसत नव्हतं.

आणि मग शैला. शैला माझी बायको. लग्नानंतर मी तिला पहिला खंड भेट दिला होता. त्यात तिनं ठेवलेलं मोरपीस आमची मुलगी लग्न होऊन गेली तरी जागचं हललं नव्हतं. एका सकाळी फिरून आलो तर स्वयंपाकघरात दूध उतू जात होतं आणि ही ओट्याला टेकून दुसरा खंड वाचत होती.

"हे काय?"

"कालिंदीताई मंडईत भेटल्या. गवार निवडता निवडता सावळाच्या बहिणीचं सांगत होत्या. म्हटलं, पुढचं ह्यांना विचारते. तर म्हणाल्या, त्यांना विचारू नका, ते पान क्रमांक सांगतील. स्वतःच वाचा."

बाराही खंड तिनं पावसाळ्याच्या आत संपवले. संध्याकाळी त्यावर बोलायला ती कालिंदीताईंना फोन करायची. मी त्याच खोलीत पेपर वाचत बसलेला असायचो.

अमोलची गोष्ट त्यानंतरची. अमोल यवतमाळचा, हिंजवडीत संगणकावर काम करणारा, मंडळातला सगळ्यांत उत्साही सभासद. एका रविवारी तो छापील कागदांचे गठ्ठे घेऊन आला. त्यानं बाराही खंड एका एआयला दिले होते आणि त्याच्याकडून बाराव्या खंडाचा उरलेला भाग लिहून घेतला होता. दार उघडलं गेलं होतं. सगळ्यांनी प्रती घरी नेल्या, आणि पुढच्या बैठकीला त्यावर चर्चा ठरली.

मी त्या चर्चेसाठी भाषण लिहिलं. कलावंताचा अधिकार, शब्दामागचं जगणं, असं बरंच काही होतं त्यात. बैठकीत निम्म्या लोकांचे डोळे ओले होते. इतक्या वर्षांची तहान भागली होती बिचाऱ्यांची. मी खिशातून कागद काढतोय तोवर कुणीतरी म्हणालं, "ताई, तुम्हाला काय वाटलं?"

कालिंदीताई म्हणाल्या, "अमोल, माझं मशिनशी वैर नाही. माझ्या पेशंटचा श्वास मशिनच चालवतं. आणि हे चांगलं उतरलंय, सगळं जागच्या जागी आहे. पण दार उघडताना सावळा घाबरलाय असं लिहिलंय ना, तिथे मला लिहिणारं कुणी घाबरलेलं दिसेना. मूळ लेखकाचा हात त्याच वाक्याशी थांबला होता. मला वाटतं, आत कोण आहे हे लिहायची त्यांनाही भीती वाटत असणार. मी त्या भीतीसाठी वाचत होते."

टाळ्या वाजल्या. माझंही मत तेच होतं. माझ्याकडे तर संदर्भही होते. मी कागद पुन्हा खिशात घातले.

अमोलनं मनाला लावून घेतलं नाही. म्हणाला, "ताई, तुमचं पटते मले. पण एक तरी चूक दाखवा ना कोणी. शोधून राहिलो मी, एक बी नाही सापडत. काकांची सूची टाकली होती ना त्याच्यात, म्हणून." आणि त्यानं कौतुकानं माझ्याकडे पाहिलं.

त्या दुपारी मी तांबडं पेन घेऊन ते सगळं पुन्हा वाचलं. भाला उजव्या हातात होता, पूर श्रावणात होता, घोडी घोडीच होती. पेनाचं टोपण काढायची वेळ आली नाही. इतकी निर्दोष प्रत मी नोकरीत कधी पाहिली नव्हती. आणि ती वाचून मला काही म्हणजे काही झालं नाही. मग बराच वेळ मी माझ्या सूचीचा विचार करत बसलो. त्या यंत्रानं 'तांबडखिंड' जशी वाचली होती, तशीच मी ती गेली कित्येक वर्षं वाचत होतो. कालिंदीताई मात्र दर वेळी चुकत होत्या, कारण त्या दर वेळी पुन्हा घाटात जाऊन येत होत्या.

मंडळातले सगळ्यांत वडीलधारे म्हणजे बापटकाका. दृष्टी गेलेली, अंथरुणाला खिळलेले. 'तांबडखिंड'चा शेवट आलाय हे त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी निरोप धाडला, येऊन वाचून दाखवा. मी गेलो. कालिंदीताई आधीच तिथे होत्या, काकांचा हात हातात घेऊन बसलेल्या. मी वाचायला सुरुवात केली. दार उघडलं, आतलं माणूस बोललं, आणि काकांनी हात वर केला.

"लिमये, थांब. हे कुणाला सुचलं?"

मी ताईंकडे पाहिलं.

"कुणालाच नाही, काका," त्या म्हणाल्या. "यंत्रानं जुळवलंय."

काकांनी तोंड छताकडे वळवलं. "वाईट नाही. पण मला नाही पटला हा शेवट. आता भांडू कुणाशी?"

"लिमयांशी भांडा. ते तयारच असतात," ताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "लिमये, ठेवा ते कागद. तुम्ही सांगा, आत कोण आहे?"

खरं सांगतो, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मंडळात मी प्रत्येक शक्यतेची बाजू आणि विरुद्ध बाजू मांडायचो आणि खाली बसायचो. माझ्या तोंडून निघून गेलं, "बहीण."

"पुरावा?" काका कडाडले.

"पुरावा नाही. मला वाटतं. ती लहानपणी हरवली तेव्हा सावळाचा हात सुटला होता. तोच हात आता दारावर आहे."

"मूर्ख आहेस! बहिणीला तो दिवा लावता येईल का? त्या झोपडीत तेल कुठे आहे हे एकट्या त्याच्या आईला माहीत!"

"आई सातव्या खंडात गेली, काका!"

"प्रेत पाहिलं का कुणी?"

आमचा आवाज इतका चढला की काकांची सून धावत आली आणि भांडण नाही हे कळल्यावर कॉफी ठेवायला गेली. काकांचे गाल तांबूस झाले होते. किती दिवसांनी ते असे ओरडले होते कोण जाणे. फार दिवस काढले नाहीत त्यांनी त्यानंतर, पण गेले ते आत आईच आहे असं ठामपणे म्हणतच. त्या दिवशीच्या सगळ्या भांडणात हात मात्र त्यांनी कालिंदीताईंचाच धरून ठेवला होता. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

जिना उतरताना ताई म्हणाल्या, "लिमये, तुमचा आवाज कापत होता. फार छान वाटलं ऐकायला."

मला अतिशय आनंद झाला. आणि लगेच, हा आनंदही यांच्याच हातून मिळायचा होता का, असं वाटून मी खिन्न झालो.

कालिंदीताई गेल्या त्या अचानक. सकाळच्या शस्त्रक्रिया आटोपून कपडे बदलायच्या खोलीत खुर्चीवर टेकल्या आणि उठल्या नाहीत. शोकसभा आमच्या क्लासच्या खोलीतच ठेवली. माणसं जिन्यापर्यंत उभी होती. मंडईतली एक भाजीवाली, एक निवृत्त न्यायाधीश, एक रिक्षावाला, आणि ज्यांची नावंही आम्हाला ठाऊक नव्हती असे कितीतरी जण. जो उठे तो हेच सांगे, "ताईंनी एक प्रसंग मला मुद्दाम सांगितला होता. खास माझ्यासाठी." मी अध्यक्षाच्या खुर्चीत बसून त्या प्रत्येकाचा हेवा करत होतो. शैला माझ्या शेजारी बसून रडत होती. मला तिचाही हेवा वाटला, तिला रडता येत होतं.

त्यानंतर एका रविवारी अमोल घरी आला. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. मोबाइल टेबलावर ठेवून म्हणाला, "काका, बैठकांचं रेकॉर्डिंग करत होतो मी. ताईंचा आवाज भरपूर आहे माझ्यापाशी. त्याच्यावरून एआयकडून त्यांचं बोलणं थोडं करून पाहिलं." आणि त्यानं बोट टेकवलं.

"लिमये, उभे का? बसा हो," कालिंदीताई म्हणाल्या.

आतून शैला धावत बाहेर आली. हाताला कणीक तशीच. तिनं दाराकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं, आणि खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

अमोल सांगू लागला. "त्या बाराही खंड वाचतील, काका. आपण काही विचारलं तर उत्तर बी देतील. मंडळाचे प्रमुख तुम्ही. तुम्ही हो म्हटलं की करतो."

मी काय काय सांगू शकलो असतो! ते न वाचलेलं भाषण अजून माझ्याकडे होतं. पण माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. हवं तेव्हा, दार लावून, मी एकटा ऐकणार. जोगळेकरबाई नाहीत, रिक्षावाला नाही, कुणी नाही. मला मोह झाला, फार मोठा. आणि मग वाटलं, या आवाजात माझ्याशी जे बोलेल त्याला मी कोण हे माहीतच नसेल.

"नको," मी म्हणालो.

"का, काका?"

"अमोल, त्या बाई सगळ्यांच्या झाल्या, मंडईवाल्यांच्या झाल्या, माझ्या बायकोच्या झाल्या. तेवढं मी कसंबसं सहन केलं. आता त्या या यंत्राच्या झालेल्या मला बघवणार नाहीत. तत्त्वबित्त्व काही नाही. मत्सर म्हण."

अमोलनं ते केलेलं पुसून टाकलं. शैलानं हात धुतले आणि ती येऊन बसली.

"खरं रेकॉर्डिंग आहे ना रे?" तिनं विचारलं. "एकदा लाव."

त्यानं लावलं. पंख्याची घरघर, कुणाचं तरी खोकणं, खुर्ची सरकवल्याचा आवाज. मग कालिंदीताई काहीतरी सांगता सांगता हसू लागल्या. वाक्य पुरं होईना इतक्या हसत होत्या, बाकीचेही हसत होते, आणि कशाला ते काही कळत नव्हतं.

"मी कुठे आहे यात?" मी विचारलं.

"तुम्ही यायचे होते अजून, काका. त्या दिवशी तुम्हाला उशीर झाला होता."

मी नसताना त्या इतक्या हसत, हे मला माहीत नव्हतं.

"बंद करू?" अमोल म्हणाला.

"नको," मी म्हणालो. "पुन्हा पहिल्यापासून लाव."