माठातली सिगार

किस्से जमवावे लागत नाहीत हो! भरिताच्या पार्टीला आपण ओरडून सांगतो, ‘वांगी मी आणतो’, तरी येणारा प्रत्येक जण पिशवीत दोन वांगी घेऊन येतोच ना? तसंच आहे. आम्ही चौघं दर रविवारी दुपारून आबांच्या मळ्यात बसतो आणि उठताना एखादा किस्सा पदरात पडलेला असतोच. यंदाचे सगळे किस्से मात्र एकाच खोक्यातून निघाले.

आधी मंडळी सांगतो. आबा म्हणजे पहूरचे केळीवाले. बोलणं कमी, काळजी जास्त. नाना पारोळ्याचे. धुळे-जळगाव गाडीवर जन्मभर कंडक्टर होते. रिटायर होताना बॅग जमा केली, जीभ राहून गेली. डॉक्टर आहेत ते गुरांचे, पण सल्ले माणसांनाही देतात आणि तेही न मागता. मी जळगावात ठिबकच्या नळ्या विकतो, म्हणून नानांच्या लेखी माझं नाव ‘नळीवाला’.

*

संक्रांतीला आबांचा जावई आला, राहुल. जहाजावर नोकरीला आहे. सासऱ्यासाठी त्यानं सिगारचं खोकं आणलं होतं.

“मामा, फार भारी नाहीये हं. मिडियम आहे. तिकडे लोक रोज ओढतात, त्यातली.”

मग त्यानं आमचा क्लासच घेतला. धूर गिळायचा नाही. तोंडात घोळवायचा, सावकाश सोडायचा आणि मग चव ओळखायची. कुणाला कॉफी लागते, कुणाला लाकूड, कुणाला मिरी, कुणाला चामडं.

चामडं म्हटल्यावर डॉक्टर सरसावले. त्यांचा जन्मच चामड्यावर हात फिरवण्यात गेलेला! डोळे मिटून त्यांनी झुरका घेतला आणि ओरडले, “आहे! चामडं आहे!”

नाना म्हणाले, “म्हैसनं का बैलनं?”

मला कॉफी लागली. खरं सांगू, जावयानं कॉफी म्हटलं नसतं तर काहीच लागलं नसतं. आबांनी बराच वेळ धूर घोळवला, सोडला आणि म्हणाले, “मले त धूरच लागून राह्यला.”

शेवटी सिगार नानांकडे गेली. त्यांनी एक झुरका घेतला, दुसरा घेतला. “माले ते पऱ्हाटीवर भाजेल वांगं लागस!”

आम्ही हसलो. पण पुन्हा एकेक झुरका घेऊन बघितला, तर काय सांगू! वाळलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांवर वांगी भाजायला टाकली की अंगणभर जो वास सुटतो ना, डिट्टो तोच! जावयानं डोक्याला हात लावला. जग फिरलेला माणूस, पण चव सांगितली ती पारोळ्याच्या कंडक्टरनं.

*

निघताना जावयानं खोक्यातली एक सिगार वेगळी काढली आणि आबांच्या हातात दिली.

“मामा, ही मात्र आत्ता नाही. तिकडे मूल झालं की सिगार ओढतात. तेव्हा मी जहाजावर असेन. बातमी आली की माझ्या वाटची तुम्हीच ओढा.”

आबांचा चेहरा एकदम उतरला. त्याचं कारण आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या ज्योतीला आधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा पोट पडलं होतं. यंदा पुन्हा दिवस गेले होते आणि घरात तो विषय कुणी मोठ्यानं काढत नव्हतं.

आबांनी सिगार धुवट रुमालात गुंडाळली. “इले कोनी हात लावू नका,” म्हणाले. जावई गेल्यावर मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, “भाऊ, हे नीट राह्यली म्हनजे तेबी नीट राहीन. मले आसंच वाटून राह्यलं.”

मी मान डोलावली.

*

बाकीच्या सिगारींचा आमचा नियम असा होता, की रविवारी एकच पेटवायची आणि चौघांत फिरवायची. शेंडा कापायचं हत्यार जावई देऊन गेला होता, ते दुसऱ्याच रविवारी केळीच्या पाल्यात हरवलं. नानांनी खिशातून सुपारीचा अडकित्ता काढला, कट्! असा सुबक शेंडा उडाला की जावयाला व्हिडिओ कॉल करून दाखवला.

तो बिचारा कापलेल्या शेंड्याकडे बघेचना. “मामा, चौघांत एक? अहो, एकाची एक असते!”

नानांनी फोन आपल्याकडे ओढला. “पाव्हनं, तीनना सीटवर चार जन बसाडीसनं जलम गया मना. आम्हाले काय सांगतस!”

*

जावयानं आणखी एक सांगितलं होतं. राख झटकायची नाही. सिगार जितकी चांगली, तितकी राख लांब टिकते. झालं! चव राहिली बाजूला आणि राखेची शर्यत सुरू झाली. माझी राख नखाएवढी होऊन पडायची. आबांची कधी पडायची ते त्यांनाही कळायचं नाही, त्यांचं लक्ष घराकडे.

एका रविवारी डॉक्टरांनी कमाल केली. बोटाएवढी राख! श्वाससुद्धा जपून घेत होते. तेवढ्यात फोन वाजला. म्हैस अडली होती.

“तिला उभी ठेवा. ओढू नका, अजिबात ओढू नका! मी आलोच!” आणि या ‘आलोच’ला सगळी राख पांढऱ्या शर्टावर.

नाना म्हणाले, “डॉक्टर, तुमना स्टॉप उना. उतरा!”

डॉक्टर तसेच गाडीवर बसून गेले. ऊन उतरता उतरता परत आले, तोवर आबा बांधावर उभेच होते. “काय झालं? दोघंबी चांगले हायेत ना?”

“दोघंही एकदम मस्त. पारडू उभंसुद्धा राहिलं.”

आबांनी इतका लांब श्वास सोडला की वाटावं, म्हैस त्यांचीच होती.

*

अक्कांचं, म्हणजे आबांच्या मंडळींचं, या सगळ्याविषयी पहिल्यापासून स्पष्ट मत होतं. “रिकाम्या मानसाचे धंदे!” एकदा मात्र स्वतः चहा घेऊन मळ्यात आल्या. आम्हाला वाटलं, आता शिव्या बसणार.

“तुमची ते ईलायती बिडी ओढाचीच आसन, त मंग गोठ्यापाशी बसा. मच्छर तरी पयतीन.”

तेव्हापासून आमचा क्लब गोठ्याशेजारी! डॉक्टर दर रविवारी बजावायचे, “लक्षात ठेवा, तब्येतीला हे वाईटच. मी फक्त सुपरव्हिजनला येतो.” आणि सुपरव्हिजनसाठी हात पुढे करायचे.

*

मग एप्रिल आला. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. सिगारी पापडासारख्या वाजायला लागल्या. हातात घेतली की वरचं पान तडकायचं. जावई फोनवर म्हणाला, “मामा, त्यांना ओलावा लागतो.”

आबा पहिल्यांदा हसले. “ओलावा? आरे, तो त आपला धंदाच हाये!”

खोकं गेलं थेट केळी पिकवायच्या चेंबरमध्ये. आठवड्यानं काढलं तर सिगारी फुगून जाडजूड! रंग बघून नाना म्हणाले, “पिकनात वाटतं.” पेटवली, ओढली, गाल आत गेले, डोळे बाहेर आले, पण धूर काही येईना. चौघांनीही ओढून बघितली.

“नळीवाला, देख रे भाऊ. तुनंच काम शे. नळी चोक व्हयनी.”

मग मी ठिबकचं छिद्र मोकळं करतो तसा बारीक तार घालून एकेक सिगार साफ केली. धंद्यात इतकं मन लावून काम केलं असतं तर आज दुसरं दुकान असतं! धूर आला, पण त्याला शेवटपर्यंत पिकल्या केळाचा वास होता.

आबांनी ‘ती’ सिगार मात्र चेंबरला नेलीच नव्हती. त्यांची आई विड्याची पानं जपायची, तशी त्यांनी ती घरीच एका माठात ठेवली होती. तळाला ओली वाळू, वर फळकूट, वर रुमालातली सिगार. काढून दाखवली तर नव्यासारखी! ना तडकलेली, ना फुगलेली. डॉक्टरांनी दोन बोटांनी हलकेच दाबून बघितली आणि म्हणाले, “फर्स्ट क्लास तब्येत आहे.”

आबांना तेवढंच ऐकायचं होतं.

*

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ज्योती माहेरी आली. सहावा महिना लागलेला, चेहरा भरलेला, पण जपून चालायची. आम्हाला तिघांना आबांनी पुरणपोळी-आमरसाला बोलावलं होतं. पोचतो तर काय, आबा उकिरड्यात उभे! धोतर खोचलेलं आणि दोन्ही हातांनी कचरा उपसताहेत.

झालं होतं असं. पितरांची घागर भरायला आणलेली नवी घागर ऐन वेळी तडकली. अक्कांनी कोपऱ्यातला माठ घेतला, वाळू ओतून दिली, घासला आणि पाणी भरून पूजेला मांडला. आबा दुपारी सिगार बघायला गेले, तर माठावर पूजेचं खरबूज आणि आत पाणी!

“आरे, तंबाखूचा माठ पूजेले ठिवला?” आबा उकिरड्यातूनच ओरडले.

“तुमचे बाप जलमभर बिडी ओढत व्हते,” अक्का शांतपणे म्हणाल्या, “त्यांले काय चालनार नही?”

“आन त्यातली वस्तू? कुठी टाकली? उकिरड्यात टाकली का?”

तेवढ्यात ज्योती दारात आली. “आबा, काय हरवलं? मी शोधू का?”

आबांनी हात धोतराला पुसले. काय सांगणार पोरीला? “काही नही बेटा, तू आराम कर,” एवढंच म्हणाले आणि पुन्हा कचऱ्यात हात घातला. नानांनी चपला काढल्या आणि तेही उकिरड्यात उतरले.

ज्योती आत गेल्यावर अक्का बाहेर आल्या. “हात धुवा आन इकडे या दोघंबी,” म्हणाल्या आणि आम्हाला देवघराशी घेऊन गेल्या.

देवांच्या फोटोमागून त्यांनी लाल कापडाची पुरचुंडी काढली. सोडली. आत सिगार! तिला हळद लावलेली, कुंकवाचं बोट लावलेलं आणि शेजारी कापराच्या दोन वड्या.

“तुमी भाऊले सांगत व्हते ते ऐकलं मी. मले काय काळजी नही का?” अक्का म्हणाल्या. “माठात कायले ठिवता? आशी वस्तू देवापाशी ठिवतात.”

आबा देवघरापुढेच बसले. डोळे पुसत हसत होते. नाना म्हणाले, “चला, बठ्ठा जन जेवाले बसा. आमरस गरम व्हई ऱ्हायना.”

आमरस गरम होतो का कुठे! पण त्या दिवशी कुणी चूक काढली नाही.

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी ज्योतीला जळगावच्या दवाखान्यात नेलं. अक्का आत. आम्ही चौघं गेटबाहेर, चहाच्या टपरीपाशी बाकड्यावर. आबांच्या मांडीवर लाल पुरचुंडी.

दवाखान्याचं दार उघडलं की आबा उठायचे. कुणाचा तरी डबा यायचा, कुणाचे तरी पाहुणे निघायचे. आबा पुन्हा बसायचे. एकदा तर चौघंही उभे राहिलो, तेव्हा नाना ओरडले, “बठ्ठा खाली बसा! डबल बेल व्हयनी नही अजून!” पण स्वतः उभेच राहिले. डॉक्टर म्हणजे अडलेल्या शेकडो गाई-म्हशी सोडवलेला माणूस, तो चहात साखर आहे की नाही हे तीनदा विचारत होता.

मग अक्का बाहेर आल्या. पदर सावरत, उन्हात डोळे बारीक करून आम्हाला शोधत.

“पोरगी झाली! दोघी चांगल्या हायेत. बाई, काय रडते ते! सगळा दवाखाना उठवला!”

नाना मोठ्यानं म्हणाले, “टिंग टिंग!”

मी आणि डॉक्टरांनी एकमेकांना मिठी मारली. आमची उंची जमत नाही, पण मारली. आबांनी पुरचुंडी सोडली, सिगार नानांपुढे धरली. अडकित्ता तयारच होता. कट्! नानांनी काडेपेटी काढली. तेवढ्यात जहाजावरून व्हिडिओ कॉल आला. पलीकडे जावई रडतोय, हसतोय, त्याच्यामागे चार-पाच जण ओरडताहेत.

“मामा! ओढली का?”

आबांनी सिगार तोंडात धरली आणि डोळे मिटले. सावकाश, त्यानं शिकवलं होतं तसं, आत ओढलं. तोंडात घोळवलं. सोडलं.

“काय लागतंय मामा?”

“थांब,” आबा म्हणाले. पुन्हा ओढलं. गालांवरून पाणी वाहत होतं, तसंच वाहू दिलं. “आधी कापूर लागला. मंग हयद... देवघरातल्यासारखं. आन मागून गोड हाये बेटा, लई गोड हाये!”

संक्रांतीपासून ज्यांना नुसता धूर लागला, त्या आबांच्या तोंडून हे! मी नानांकडे बघितलं. नानांच्या हातात काडेपेटी तशीच होती. काडी अजून ओढलीच नव्हती. डॉक्टरांच्याही ते लक्षात आलं. आम्ही दोघं नानांच्या तोंडाकडे बघत राहिलो, की आता सुटतो बाण.

नानांनी काडेपेटी खिशात टाकली. आबांच्या हातातून सिगार घेतली, डोळे मिटले, एक लांब झुरका घेतला आणि सावकाश सोडला.

“बराबर,” ते म्हणाले. “आन मांगे भरीतना वास बी येस.”