आर्किटेक्चरला निघालेले दोघं

सकाळचे साडेनऊ. एप्रिल महिना. हिंगोलीतल्या शाळेचा ड्रॉइंगचा वर्ग, आत तीन माणसं. राज्य निजामाचं होतं, महायुद्ध चालू होतं आणि ड्रॉइंगचा चांगला कागद मिळणं मुश्कील होतं.

बातमीदारी करताना किस्से आपोआप साठतात. दुसऱ्यांच्या फजितीचे मी पुष्कळ छापले, नावानिशी छापले. आमच्या तिघांचे मात्र राहिले. चुकून राहिले नाहीत, मी राहू दिले.

तिघं म्हणजे ड्रॉइंगचे काझी मास्तर, डोंगरकडा गावाकडचा नामदेव आणि हट्टा गावचा मी. नामदेवच्या घरी मेंढरं, माझ्या घरी जमीन. बाक एकच, तरी तो मला 'तुमी' म्हणायचा. मी कधी अडवलं नाही.

आम्हाला मुंबईच्या कॉलेजात आर्किटेक्चरला जायचं होतं. अर्जासोबत आपल्या गावातल्या एका इमारतीचा, स्वतः मोजून काढलेला नकाशा जोडायचा होता.

"क्यूँ सीखना है?" मास्तरांनी विचारलं.

मी म्हणालो, "वकील फार झाले, असं वडील म्हणतात."

नामदेव म्हणाला, "आमचं घर दर साली एकाच कोपऱ्यात गळतं, सर. काहून गळतं ते पाहून राहिलो."

मास्तर माझ्याकडे वळले. "इसका तो काम शुरू भी हो गया!"

*

आर्किटेक्ट म्हणजे काय, हे वडिलांना समजावताना मला घाम फुटला.

"मॅट्रिक होऊन गवंडी व्हतो व्हय रे?"

मी म्हटलं, "गवंडी नाही. आर्किटेक्ट फक्त कागदावर काढतो. भिंतीला हातसुद्धा लावत नाही."

"मग बराबर हाय! हात न लावायचं काम तुला जमंल."

*

नामदेवनं आधी गावच्या चावडीचा नकाशा केला. टेप नव्हता, म्हणून लोकरीच्या दोरीला वीतवीतभर अंतरावर गाठी मारल्या. नकाशा पाहून मास्तर हसून हसून खाली बसले.

"मियाँ, ये दीवार तो छप्पर के बाहर निकल गई!"

घोटाळा असा झाला होता, की दोरीचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. नामदेवनं ते एडक्याच्या गळ्यात बांधलं. एडक्याला पुढं हिरवा पाला दिसला, तसा तो ओढत सुटला. लोकर ताणली, गाठी लांबल्या, मोजमाप पार बिघडलं!

"एडक्याला समजावून सांगितलं न्हाई का रे?" मी म्हणालो. वर्ग दणाणेल इतका हसलो.

दुसरं टोक धरायला मी जाणार होतो. ऊन फार होतं म्हणून गेलो नव्हतो. नामदेवनं ते मास्तरांना सांगितलं नाही. मीही नाही.

*

माझ्याकडे हैदराबादहून आणलेली कंपासपेटी होती. मी आमच्याच घराचा नकाशा केला. बैठक, कचेरी, धान्याची कोठी, घोड्याची पागा, सगळं शाईनं. मोठ्या ऐटीत आईसमोर धरला.

तिनं नीट पाहिलं. "स्वैपाकघर कुठंय?"

मी कागदावर शोधू लागलो.

"शोधू नको, लेकरा. तू तिकडं कधी आलाच न्हाईस."

*

चावडी सोडून नामदेवनं स्वतःचं घर काढलं. या वेळी बांबूची काठी घेतली, एडका बांधून ठेवला. दोन खोल्या, बाजूला कोकरं कोंडायचा वाडगा, वर मातीच्या धाब्याचं छप्पर. धाब्याचा उतार किती आणि कुठं उलटा फिरतो, ते बारीक रेघांनी दाखवलं होतं. सगळ्या रेघा त्या गळक्या कोपऱ्यात येऊन मिळत होत्या.

मास्तरांनी त्या रेघांवरून कोपऱ्यापर्यंत बोट नेलं. मग म्हणाले, "मैं रहता तो इसकूच लेता."

"दोघांलाबी घेतील न्हवं, सर?" नामदेवनं विचारलं. तो माझीच काळजी करत होता!

"अपने इलाके से एक को लिए तो भी बहुत समझो."

*

मुंबईला माझे काका मला घेऊन निघाले. नामदेवला नेणारं कोणी नव्हतं. त्याचा अर्ज आणि नकाशा द्यायला त्याचा बाप हिंगोली स्टेशनावर आला. गुंडाळी नव्या घोंगडीत बांधलेली होती.

"पाऊस लागला तर तुमी भिजा, मालक. पोराचा कागद भिजू देऊ नका."

काका हसले, मीही हसलो. मनमाडला गाडी बदलली, तेव्हा दोन्ही गुंडाळ्या माझ्या मांडीवर होत्या.

*

मला बोलावणं आलं, नामदेवला काहीच आलं नाही. मी मुंबईला निघालो त्या दिवशी तो ट्रंक उचलायला आला.

"भाऊ, माझं काय चुकलं असंल? उतार तर बराबर होता."

"जागा कमी होत्या," मी म्हणालो.

"तुमाला तकलीफ झाली माझ्यापायी," तो म्हणाला, आणि ट्रंक डब्यात चढवली.

दोन टर्ममध्ये कॉलेजनं मला ओळखलं. "नकाशा पाहिला की तुमच्या हातचा, हे लगेच कळतं," असं एक प्रोफेसर म्हणाले. ते कौतुक नव्हतं. मी कॉलेज सोडलं आणि वर्तमानपत्रात शिरलो. नामदेव मेंढरांमागे गेला.

*

पुढं कितीतरी तहसीलदारांच्या टेबलावर मूठ आपटून मी विचारलं, "गरिबाचा अर्ज गेला कुठं?" त्या आवाजाला लोक भ्यायचे. एकदा प्रवेशातल्या घोटाळ्याची बातमी करायला त्याच कॉलेजात गेलो. त्याच जोरात जुनी रजिस्टरं काढायला लावली. आमच्या सालचं रजिस्टर क्लार्कनं स्वतः उघडून दिलं.

हिंगोलीकडचं पान सापडलं. क्लार्कनं घाबरत विचारलं, "काही गैर सापडलं का, साहेब?"

पानावर लिहिलं होतं : आलेले अर्ज, एक.